पगारातून कापलेला कर आणि एकोणतीस दिवस उशिरा आलेला फॉर्म 16

16 जून 2025, सोमवार. मी जळगावातलं माझं ऑफिस उघडायला आलो तेव्हा बापू बाहेरच्या बाकावर बसलेले होते. कारखान्यात त्यांना सगळे बापू म्हणतात, म्हणून इथंही तेच नाव ठेवतो. मूळचे पारोळ्याकडचे. एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात बावीस वर्षं नोकरी झाली, आता प्रॉडक्शनचा सगळा भार त्यांच्यावर आहे. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात वर्षभराच्या बारा पगाराच्या स्लिपा आणि बँकेनं दिलेली कागदांची यादी. यादीतल्या एका ओळीखाली बँकेच्या साहेबांनी लाल पेनानं दोनदा रेघ ओढली होती: फॉर्म 16, आर्थिक वर्ष 2024-25. म्हणजे पगारातून किती कर कापून भरला ते सांगणारं कंपनीचं प्रमाणपत्र.

मुलीला पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. फीचा पहिला हप्ता 30 जूनच्या आत भरायचा होता. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार, म्हणून बँकेला त्यांची दोन वर्षांची रिटर्न आणि दोन वर्षांचे फॉर्म 16 हवे होते. आदल्या वर्षाचे कागद फाइलीत नीट लावलेले होते. यंदाचा फॉर्म मात्र कंपनीनं दिलाच नव्हता. बापू मे महिन्यापासून विचारत होते आणि दर वेळी "होऊन जाईल" एवढंच उत्तर मिळत होतं.

त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असा तपशील काढून हे प्रकरण लिहितो आहे. मी पंचवीस वर्षं पगारदारांची रिटर्न भरतो. जून उजाडला की रोज कुणीतरी हीच तक्रार घेऊन येतं. पण फॉर्म जिथं जिथं अडकू शकतो ती जवळजवळ सगळी ठिकाणं मला या एकाच प्रकरणात सापडली.

आधी हिशोब. बापूंचा वर्षाचा पगार 9,60,000. नवी करप्रणाली. 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न 8,85,000. त्या वर्षीच्या टप्प्यांप्रमाणे पहिल्या तीन लाखांवर काही नाही, तीन ते सात लाखांवर पाच टक्के म्हणजे 20,000, वरच्या 1,85,000 वर दहा टक्के म्हणजे 18,500. एकूण 38,500, त्यावर चार टक्के उपकर 1,540. कर झाला 40,040. कंपनीनं अकरा महिने दरमहा 3,300 आणि मार्चमध्ये 3,740 कापले होते. बेरीज बरोबर 40,040. म्हणजे कापण्यात एका रुपयाचीही चूक नव्हती. बापूंच्या बाजूनं कर पूर्ण भरून झालेला होता, फक्त तसं सांगणारा कागद त्यांच्याकडे नव्हता.

त्यांच्याच पासवर्डनं आयकर खात्याचं पोर्टल उघडलं आणि 26एएस काढलं. आपल्या पॅनवर सरकारकडे किती कर जमा झाल्याची नोंद आहे, ते या विवरणात दिसतं. बापू खुर्ची पुढं ओढून स्क्रीनजवळ आले. एप्रिल ते जून, तीन नोंदी. जुलै ते सप्टेंबर, तीन नोंदी. त्याखाली काही नाही. मी पान खाली सरकवलं, परत वर नेलं, पुन्हा खाली आणलं. एकूण जमा 19,800.

बापू थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्याकडे न बघता घरच्या बोलीत म्हणाले, "भाऊ, मन्हा पैसा कथा गया?" म्हणजे, माझा पैसा कुठं गेला?

फॉर्म उशिरा का येतो

बहुतेकांना वाटतं की फॉर्म 16 म्हणजे मालकानं सही करून द्यायचा एक दाखला. कॉम्प्युटरवर टाइप केला, प्रिंट काढली, दिला. म्हणून फॉर्म आला नाही की लोक अकाउंटंटला आळशी ठरवतात. पण तो फॉर्म कंपनीनं टाइप करायचा नसतोच. त्याचे दोन भाग असतात. कापलेल्या आणि भरलेल्या कराचा तपशील भाग अ मध्ये येतो, तर पगार, वजावटी आणि कराची आकारणी भाग ब मध्ये. दोन्ही भाग आयकर खात्याच्या ट्रेसेस या पोर्टलवरून तयार होतात, आणि कंपनीनं आधी जी माहिती भरली असेल तीच तिथून फॉर्म होऊन बाहेर येते.

ही माहिती वर्षातून चार वेळा, फॉर्म 24क्यू नावाच्या तिमाही विवरणपत्रात जाते. पहिल्या तिमाहीचं विवरण 31 जुलैपर्यंत, दुसरीचं 31 ऑक्टोबर, तिसरीचं 31 जानेवारी आणि चौथीचं 31 मे. त्याच्याही आधी कापलेला कर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत चलनानं भरावा लागतो, मार्चचा तेवढा 30 एप्रिलपर्यंत. चौथ्या तिमाहीच्या विवरणासोबत प्रत्येक कर्मचाऱ्याच्या अख्ख्या वर्षाच्या पगाराचं परिशिष्ट जोडायचं असतं. हे परिशिष्ट गेल्याशिवाय भाग ब तयारच होत नाही. विवरण गेलं की खात्याकडे त्यावर प्रक्रिया होते, ती झाली की कंपनी ट्रेसेसवर फॉर्मची मागणी नोंदवते आणि मग फाइल उतरवून घेते. 31 मे ते 15 जून हे पंधरा दिवस कायद्यानं यासाठीच ठेवले आहेत. शेवटच्या दिवशी विवरण भरणाऱ्यालाही ते जेमतेम पुरतात. उशिरा भरणाऱ्याच्या हातून फॉर्म 16 द्यायची 15 जूनची मुदत हुकतेच.

म्हणून फॉर्म का आला नाही असं कुणी विचारलं की मी आधी चौथी तिमाही कधी भरली ते विचारतो.

बापूंच्या फाइलीत आणखी एक कागद होता. फारच तगादा लावल्यावर कंपनीनं लेटरहेडवर टाइप केलेला "फॉर्म 16" त्यांना दिला होता. आकडे सगळे बरोबर, खाली मालकाची सही, गोल शिक्का. बँकेनं तो पाहताक्षणी परत केला, आणि माझ्या मते योग्यच केलं. ट्रेसेसवरून निघालेल्या फॉर्मच्या डोक्यावर ट्रेसेसची खूण असते, प्रमाणपत्राचा स्वतंत्र क्रमांक असतो, तिमाहीप्रमाणे विवरणांचे पावती क्रमांक असतात, प्रत्येक चलनाची तारीख असते. लेटरहेडवरच्या कागदात यातलं काहीच नव्हतं. बापूंना तो देताना कुणाचा फसवायचा हेतू नव्हता, त्यांचं काम भागावं एवढंच मनात होतं. पण या एका कागदामुळे बँकेच्या साहेबांना बापूंच्या बाकीच्या कागदांबद्दलही शंका येऊ लागली, आणि ते नुकसान भरून काढायला मला नंतर दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

कारखान्यात

दुसऱ्या दिवशी मी बापूंबरोबर कारखान्यात गेलो. करसल्लागारानं असं दुसऱ्याच्या कंपनीत जाणं काहींना आवडत नाही. मला ते गरजेचं वाटतं. फोनवर प्रत्येक जण आपली बाजू सांगतो, टेबलापाशी बसलं की कागद बोलतो.

अकाउंट्सची खोली म्हणजे पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यातली काचेची केबिन. आत बी.कॉम. झालेली पंचविशीतली मुलगी एकटी. मी तिला ताई म्हणालो तशी तिनं आधी पाणी दिलं आणि मग लगेच म्हणाली, "सर, माझं चुकलंय, पण कुठं चुकलंय तेच मला कळत नाहीये." मला तिचा राग येणं शक्यच नव्हतं. दर 7 तारखेला टीडीएसचं, म्हणजे कापलेल्या कराचं चलन, 11 ला जीएसटीचं पहिलं विवरण, 15 ला पीएफ आणि ईएसआयसी, 20 ला जीएसटीचं दुसरं विवरण, मधे पगार, बँक, ट्रान्सपोर्टची बिलं. हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. आधीचे अकाउंटंट दिवाळीनंतर नोकरी सोडून सुरतेला गेले. त्यांनी काम नीट हाती दिलं नव्हतं. जुना कॉम्प्युटर बसला तेव्हा टीडीएसच्या सॉफ्टवेअरमधली कर्मचाऱ्यांची यादीही गेली. ताईनं ती रजिस्टरवरून पुन्हा टाइप केली.

तिसऱ्या तिमाहीतल्या तीन नोंदी तिथं हरवल्या होत्या. मी बापूंचं पॅनकार्ड टेबलावर ठेवलं आणि विवरणपत्रातला नंबर मोठ्यानं वाचायला लागलो. अक्षरं बरोबर. मग आकडे. मधल्या दोन आकड्यांची उलटापालट झाली होती, 71 च्या जागी 17. दहा अक्षरांच्या नंबरात एवढाच फरक. आणि तो चुकीचा नंबरही कुणाचा तरी खरा निघाला, म्हणून सॉफ्टवेअरनं अडवलं नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरचे बापूंचे 9,900 रुपये कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या 26एएस मध्ये जाऊन बसले होते.

चौथी तिमाही भरलेलीच नव्हती. मार्चचा कर 30 एप्रिलला भरायचा, तो हातात पैसे नाहीत म्हणून मालकांनी 29 मे रोजी भरला. 31 मे शनिवार होता. ताईनं त्या संध्याकाळी विवरण भरायला घेतलं तेव्हा कळलं की पोर्टलचा पासवर्ड बदलायला झालाय, आणि नवा करायची लिंक जाते जुन्या अकाउंटंटच्या ईमेलवर, कोड जातो त्यांच्या मोबाइलवर. तिनं सुरतेला फोन लावले. त्यांनी उचलले नाहीत. मग तिनं ते काम बाजूला ठेवलं, कारण जूनची 7 तारीख आली होती.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ताईनं चौथी तिमाही 31 मेला भरली असती तर तीही त्याच चुकीच्या नंबरवर गेली असती, आणि परिशिष्टात बापूंचा अख्ख्या वर्षाचा पगार त्या अनोळखी माणसाच्या नावे लागला असता. फॉर्म 16 वेळेत निघाला असता, पण दुसऱ्याच्या पॅनवर. उशीर आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथं उशिरामुळे चूक दुप्पट व्हायची वाचली. अकाउंटंटवर नुसता "लवकर, लवकर" असा तगादा लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्यापुढचे रस्ते

बापूंपुढे तीन रस्ते होते. रात्री मी ते त्यांना आणि त्यांच्या पत्नीला घरी जाऊन समजावले, कारण फीचा निर्णय दोघांचा होता.

पहिला रस्ता, फॉर्म 16 ची वाट न पाहता रिटर्न भरून टाकायचं. हे पूर्ण कायदेशीर आहे. रिटर्नला फॉर्म जोडावा लागत नाही, पगाराच्या स्लिपांवरून उत्पन्न काढता येतं, आणि कापलेला पूर्ण 40,040 रुपयांचा कर मागता येतो. पण बेंगळुरूचं प्रक्रिया केंद्र 26एएसशी ताडून बघतं. तिथं 19,800 च दिसत असताना रिटर्नवर प्रक्रिया झाली असती तर उरलेल्या 20,240 ची मागणी बापूंच्या नावे निघाली असती, त्यावर व्याज चढलं असतं.

दुसरा रस्ता बापूंनी स्वतःच सुचवला. "वीस हजार मी भरून टाकतो, नंतर बघू." मी त्यांना हात जोडून नको म्हटलं. आयकर कायदा 1961 च्या कलम 205 मध्ये स्पष्ट लिहिलंय की ज्याच्या पगारातून कर कापला गेला, त्याच्याकडून तोच कर पुन्हा मागता येत नाही. कापणाऱ्यानं पुढं भरला नाही तरी नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं 1 जून 2015 रोजी आणि पुन्हा 11 मार्च 2016 रोजी आपल्या अधिकाऱ्यांना लेखी कळवलंय की अशा मागण्यांची करदात्याकडून सक्तीनं वसुली करू नये. पगाराच्या स्लिपा आणि त्या रकमेशी जुळणारं बँक पासबुक हा पुरावा बापूंकडे होता. स्वतःहून दुसऱ्यांदा पैसे भरले की मग ते परत मिळवायला वेगळी पायपीट करावी लागते, आणि कंपनीही निवांत होते.

तिसरा रस्ता, कंपनीकडून दुरुस्ती करून घ्यायची आणि फॉर्म आल्यावर रिटर्न भरायचं. त्या वर्षी रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरपर्यंत वाढवलेली होती, त्यामुळे तिकडून घाई नव्हती. घाई होती ती 30 जूनची, आणि बँकेला तर फॉर्मच हवा होता. आम्ही तिसरा रस्ता धरला. पहिल्या रस्त्यानं लगेच रिटर्न भरून बँकेला पोचपावती दाखवली असती तर काम लवकर झालं असतं का, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या शाखेचा हट्ट बघता नसतं झालं, असं मला वाटतं.

बापूंनी कंपनीला एक साधं पत्र दिलं. कुठल्या महिन्यात किती कापलं, 26एएस मध्ये किती दिसतं, कुठल्या तिमाहीत पॅन चुकला, सगळं एका पानावर, सोबत कार्डाची झेरॉक्स. पोच घेतली. बावीस वर्षं जिथं काम केलं त्या मालकांना लेखी पत्र द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण मालकांनी ते पत्र वाचून पहिल्यांदाच विचारलं की नेमकं काय अडलंय. तोवर त्यांना वाटत होतं, ताई करतेय.

मग गोष्टी हलल्या. मालकांनी स्वतः सुरतेला फोन केला, जुन्या अकाउंटंटनी कोड सांगितला, त्याच बैठकीत ईमेल आणि मोबाइल बदलून मालकांचा टाकला. ताईनं सगळ्या कर्मचाऱ्यांची पॅनकार्डं मागवली आणि एकेक नंबर पोर्टलवर नावाशी ताडून पाहिला. आणखी एकाचा नंबर चुकलेला सापडला. 24 जूनला चौथ्या तिमाहीचं विवरण गेलं. तिसऱ्या तिमाहीची दुरुस्ती एका खऱ्या पॅनवरून दुसऱ्या खऱ्या पॅनवर नोंद हलवण्याची, तिला मालकांची डिजिटल सही लागली आणि त्या सहीची मुदत मार्चमध्येच संपलेली निघाली. नवी सही येईपर्यंत जून संपला. 4 जुलैला दुरुस्ती गेली. 11 जुलैच्या सकाळी बापूंनी स्वतःच्या मोबाइलवर 26एएस उघडून मला स्क्रीनशॉट पाठवला: 40,040. त्याच्यासोबत एक शब्दही लिहिला नव्हता.

14 जुलैला फॉर्म 16 हातात आला. 15 तारखेला रिटर्न भरलं आणि तिथंच आधार ओटीपीनं पडताळणी केली.

उशिराची किंमत

कंपनीला काय पडलं ते सांगतो, कारण मालक मंडळी यावरूनच शहाणी होतात. चौथ्या तिमाहीचं विवरण 24 दिवस उशिरा गेलं. कलम 234ई प्रमाणे दिवसाला 200, म्हणजे 4,800 रुपये. हे शुल्क आपोआप लागतं, त्यात दयामाया नाही. मार्चचा कर उशिरा भरल्याचं व्याज दरमहा दीड टक्का, आणि महिन्याचा काही भाग असला तरी पूर्ण महिना धरतात. फॉर्म 16 वेळेत न दिल्याचा दंड वेगळा. कलम 272अ प्रमाणे दिवसाला 500, आणि त्या प्रमाणपत्रातल्या कराच्या रकमेपेक्षा जास्त नाही. बापूंच्या एका फॉर्मचे 29 दिवसांचे 14,500 होतात. हा दंड आपोआप लागत नाही, अधिकाऱ्यानं नोटीस देऊन, म्हणणं ऐकून लावायचा असतो. इथं तो लागला नाही, कारण कुणी तक्रार केली नाही. बापूंनी करायची नाही असं ठरवलं, आणि तो त्यांचा निर्णय होता.

ऑगस्टमध्ये बापू पेढे घेऊन आले तेव्हा पुढच्या वर्षाचं विचारत होते. दर तिमाहीला 26एएस बघायचं, हे त्यांच्या डोक्यात आता पक्कं बसलं होतं. पहिल्या तिमाहीची नोंद अजून दिसत नाही म्हणून घाबरले होते. मी पगाराची नवी स्लिप पाहिली. एप्रिल 2025 पासून त्यांचा कर कापलाच जात नव्हता. 2025-26 पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. कर कापलाच नाही तर फॉर्म 16 देण्याचं बंधन कंपनीवर राहत नाही. कारखान्यात असे कितीतरी जण निघतील. पण बँकेच्या यादीत ती ओळ तशीच राहणार. म्हणून मी ताईला सांगून ठेवलंय: कर कापला नसला तरी ज्याला लागेल त्याला वर्षाचा पगार, वजावटी आणि कराची आकारणी दाखवणारा सही-शिक्क्याचा दाखला एप्रिलमध्येच देत जा, आणि त्याला फॉर्म 16 असं नाव देऊ नको. बापूंनाही सांगितलं की रिटर्न दर वर्षी भरत राहा, कर शून्य असला तरी. मुलीचं कर्ज चार वर्षं चालणार आहे, बँक दर वर्षी कागद मागू शकते.

आणि फीचा तो पहिला हप्ता. 30 जून काही थांबणार नव्हता. 27 जूनला बापूंच्या पत्नीनं आपली पोत आणि दोन पाटल्या एका बँकेत गहाण ठेवून नऊ टक्क्यांनी 1,20,000 उचलले. पाटल्या त्यांच्या आईच्या होत्या. शैक्षणिक कर्ज मंजूर होऊन पैसे आल्यावर 18 ऑगस्टला दागिने सोडवले. बावन्न दिवसांचं व्याज साधारण 1,540 रुपये, सोनाराच्या मूल्यांकनाची फी वेगळी. कंपनीनं भरलेलं शुल्क सरकारजमा झालं. हे 1,540 रुपये बापूंना कुणी द्यावेत असं सांगणारं कलम मी शोधलं, मला सापडलं नाही. कारखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत मी ही रक्कम मालकांपुढे मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली.